मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात घर घेऊन काही वर्षे राहावे आणि नंतर ते भाड्याने द्यावे का?

आपल्याला नुकतेच ऑस्ट्रेलियाचे पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाले आहे आणि टार्नीटमध्ये नवे घर घेऊन चार-पाच वर्षांनी ते भाड्याने द्यायचा आपला विचार आहे. मी आठ वर्षांपासून इथेच स्वतःच्या घरात राहतो. राहण्यासाठी हे उपनगर मी मनापासून सुचवेन. गुंतवणूक म्हणून मात्र सुचवणार नाही.

कारण जमीन. २०२१ च्या जनगणनेत टार्नीटची लोकसंख्या ५६,००० हून अधिक होती, आणि तरीही भोवतालच्या माळांवर प्लॉट पडणे थांबलेले नाही. बांधकाम दरवर्षी जुने होते, भाव चढतो तो त्याखालच्या जमिनीचा. पण हाकेच्या अंतरावर विकासक कोरे घर विकत असताना आपल्या पाच वर्षे वापरलेल्या घरासाठी कोणी जास्त पैसे का मोजावेत? भाडेकरूंनाही हीच निवड असते. केवळ गुंतवणूक करायची असेल, तर शेजारच्या हॉपर्स क्रॉसिंग उपनगरातले मोठ्या प्लॉटवरचे जुने घर मी आधी पाहीन. तिथे विजेवर धावणारी मेट्रोही आहे. टार्नीटचे स्थानक २०१५ मध्ये सुरू झाले, पण तिथे थांबणाऱ्या जिलाँग मार्गाच्या गाड्या डिझेलवर धावतात आणि सकाळी बऱ्याचदा भरूनच येतात.

पहिले घर ६ लाख डॉलरपर्यंतचे असेल तर आपल्या व्हिक्टोरिया राज्यात स्टॅम्प ड्यूटी माफ होते आणि साडेसात लाखांपर्यंत काही सवलत मिळते. त्यासाठी ताबा मिळाल्यापासून वर्षभराच्या आत राहायला जाऊन सलग १२ महिने तिथे राहावे लागते. घर भाड्याने दिले की लँड टॅक्स, म्हणजे जमिनीच्या मूल्यावरचा वार्षिक कर, सुरू होतो. २०२४ पासून तो लागू होण्याची जमीन-मूल्याची मर्यादा ३ लाखांवरून ५० हजार डॉलरवर आली आहे, त्यामुळे साडेतीन लाख मूल्याच्या जमिनीवर वर्षाला सुमारे १,५०० डॉलर भरावे लागतात. विक्रेते हा आकडा आपणहून सांगत नाहीत, म्हणून भाडे आणि हप्ता यांचा हिशेब करताना तो धराच.

घराच्या पायाकडे विशेष लक्ष द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इथली माती आपल्या देशावरच्या काळ्या जमिनीसारखीच बेसॉल्टपासून झालेली आहे. ओलीने ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्याबरोबर घराच्या पायाची काँक्रीटची स्लॅबही हलते. दारे अडकतात का, विटांच्या सांध्यांत पायऱ्यांसारख्या तिरप्या भेगा आहेत का, भिंतीलगत पाणी साचते का, हे स्वतंत्र तपासनिसाकडून पाहून घ्या, मग घर अगदी नवे असले तरी. खाजगी विक्रीत करारावर सही केल्यानंतर माघार घ्यायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. लिलावात एकही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना फार उशिरा कळते. राहते घर सोडून ते भाड्याने दिले, तरी दुसऱ्या कोणत्याही घराला मुख्य निवास म्हणून दाखवले नाही, तर सहा वर्षांपर्यंत त्याच्या विक्रीवरचा भांडवली नफा करमुक्त राहू शकतो. परंतु आईवडिलांसाठी आपण कायमचे पुण्याला किंवा नाशिकला परतलात आणि विक्रीच्या करारावेळी कराच्या दृष्टीने परदेशस्थ ठरलात, तर ही सूट सर्वसाधारणपणे पूर्णच जाते, अगदी आपण स्वतः त्या घरात राहिलात त्या वर्षांचीसुद्धा. परतण्याची थोडीशी जरी शक्यता असेल, तर घर विकायचे की ठेवायचे हे विमानात बसण्यापूर्वी कर सल्लागाराला भेटून ठरवा.