कॅशलेस बंद झालंय, आता आईचं ऑपरेशन कसं?

प्रश्न : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, डॉक्टर जुने ओळखीचे, पण आता काउंटरवर पाटी लागलीय, कॅशलेस बंद, पैसे आधी भरा. मग आरोग्य विम्याची पॉलिसी काय कामाची? हॉस्पिटल बदलू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, डॉक्टरांवर विश्वास असेल तर अजिबात बदलू नका. कॅशलेस म्हणजे बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते; ते बंद म्हणजे क्लेम बंद नाही, पैसे आधी तुम्ही भरायचे आणि नंतर कंपनीकडे रीइम्बर्समेंट, म्हणजे भरपाई मागायची. छोट्या हॉस्पिटलांची अडचणही खरी आहे, कंपनीशी ठरलेले पॅकेजचे रेट जुनेच, त्यात टीपीएची (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेची) कापाकापी आणि पैसे अडकून पडणार, पण भुर्दंड शेवटी पेशंटच्या घरावर पडतो आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

आधी एक करून बघा, जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आहे, नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे कंपनीशी करार नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं, फक्त कंपनीला ४८ तास आधी कळवायचं, अर्थात डॉक्टर तयार हवेत. डॉक्टर नाही म्हणाले तरी कंपनीला मेल टाकाच. आणि कागद जपा! डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावती, औषधांची बिलं चिठ्ठीसकट, आणि मुख्य म्हणजे आत बसवलेल्या लेन्सचं स्टिकर, एवढंसं असतं, त्यावर नंबर असतो, ते फाइलला चिकटलेलं बघूनच घरी या. पॉलिसीत मोतीबिंदूला वेगळी मर्यादा आहे का तेही आजच बघा.

कंपनीला तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा, ऑफिस मुंबईत आहे, पुण्यातही आहे, फी नाही, वकील लागत नाही.