केचप हा शब्द मुळात चिनी आहे का?

हो, बहुतेक अभ्यासक तसंच मानतात. चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत असाल तर हा शब्द जरूर घ्या. चीनच्या फुजियान प्रांताच्या दक्षिण भागातल्या होक्किएन बोलीत खारवलेल्या माशांच्या पातळ रसाला ‘के-च्याप’सारखा शब्द होता. आग्नेय आशियातल्या व्यापारातून, बहुधा मलय भाषेमार्गे, तो इंग्रजांपर्यंत पोचला आणि १७११ पर्यंत छापलाही गेला. तेव्हा त्यात टोमॅटो नव्हताच! इंग्लंडात मशरूमचं, अक्रोडाचं केचप करत. टोमॅटोची छापील कृती अमेरिकेत १८१२ची. म्हणूनच कँटोनीज या दुसऱ्या चिनी बोलीतला ‘के-जाप’, म्हणजे टोमॅटोचा रस, हे मूळ पटत नाही. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, केचपला ‘फान-छ्ये-च्यांग’ म्हणतात, त्यामुळे मुलांना हे नातं आपणहून लक्षात येत नाही. फुजियानकडचं कुणी वर्गात असेल तर आधी त्यालाच विचारा.