बंड, उठाव, क्रांती आणि १८५७

एका वाचकाने विचारलं आहे : "१८५७ ला कुणी बंड म्हणतं, कुणी उठाव, कुणी स्वातंत्र्यसमर. मग क्रांती नेमकं कशाला म्हणायचं? बंड फार मोठं झालं की त्याची क्रांती होते का?"

आकाराचा इथे फारसा संबंध नाही. १८५७ चं रण कितीतरी मोठ्या मुलखात पेटलं, तरी ते बंडच ठरलं. उलट १९१७ साली पेत्रोग्राडमधला हिवाळी राजवाडा ताब्यात घेताना झालेली चकमक त्या मानाने किरकोळ होती, पण रशियन राज्यक्रांतीचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे तीच येते.

फरक शोधायचा तर हे शब्द कोणत्या क्रियापदांबरोबर नांदतात ते पाहावं. बंड करतात, बंड पुकारतात. बंड मोडतं, फसतं, शमतं. उठाव होतो आणि दडपला जातो. क्रांती मात्र घडते, होते. "क्रांती मोडली" असं कुणी म्हणत नाही, कारण मोडली असती तर तिला क्रांती हे नावच मिळालं नसतं. बंड हे कृतीचं नाव आहे, ते यशस्वी झालं की फसलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. क्रांती हे परिणामाचं नाव आहे.

१४ जुलै १७८९ ची एक गोष्ट सांगतात. पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडल्याची बातमी कळल्यावर फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईने विचारलं, "म्हणजे हे बंड आहे?" त्याचा एक सरदार उत्तरला, "नाही महाराज, ही क्रांती आहे." बास्तीयमध्ये त्या दिवशी अवघे सात कैदी होते. जे प्रत्यक्ष घडलं होतं त्याला राजाचाच शब्द बरोबर होता. सरदाराने पुढचं ओळखलं होतं.

आता बंड या शब्दाच्या बऱ्यावाईटपणाकडे येऊ. तो मुळात शत्रूने दिलेला, तुच्छतेचा शब्द आहे असा समज बराच पसरला आहे. मला तो पटत नाही. विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' घ्या. गोडसे झाशीच्या वेढ्यात स्वतः अडकले होते आणि राणीविषयीची त्यांची माया पानापानांत दिसते. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते पुस्तक छापलं, तेव्हा त्याच्या नावाला जोड होती ती '१८५७ च्या बंडाची हकीकत' अशी. तिथे बंड म्हणण्यात कुणाचा अपमान नव्हता. सत्तेविरुद्ध हत्यार उचललं, एवढाच अर्थ. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, सावरकरांच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर बाहेर आलं, आणि त्याच्या मूळ मराठी नावात शब्द होता 'स्वातंत्र्यसमर'. इंग्रज सरकारने ग्रंथ निघण्याआधीच त्यावर बंदी घातली. घटना तीच, भाषा तीच, मध्ये दोन वर्षं. मराठी गद्याच्या इतिहासातला हा फार महत्त्वाचा क्षण आहे असं मी मानतो, कारण त्यानंतर १८५७ विषयी लिहिणाऱ्याला शब्द निवडावाच लागला. बिनविचाराने वापरता येईल असा शब्द उरला नाही.

बंडला हिणकस वास येतो तो बहुधा 'बंडखोर'मुळे. हा 'खोर' प्रत्यय फारसीतला, मूळ अर्थ खाणारा. भांडखोर, चुगलखोर, हरामखोर ही त्याची भावंडं. खोड जडलेल्या माणसाला तो लागतो. क्रांतीला 'खोर' कधीच लागला नाही, तिला 'कारक' आणि 'वीर' मिळाले. म्हणून माणसाचं नाव बदलायचं झालं की प्रत्ययासकट बदलावं लागतं. १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात मरण पावलेले वासुदेव बळवंत फडके सरकारदरबारी बंडखोर होते. आज दोघांच्याही नावामागे 'आद्य क्रांतिवीर', 'आद्य क्रांतिकारक' लागतं. साहित्याने मात्र 'बंडखोर'लाच मान मिळवून दिला : बंडखोर कवी म्हटलं की ती स्तुतीच असते.

उत्तरेत १८५७ ला 'गदर' म्हणत, त्या शब्दाचंही असंच झालं. अरबीत त्याचा अर्थ विश्वासघात. १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या देशभक्तांनी तोच शब्द आपल्या वर्तमानपत्राच्या माथ्यावर छापला. संथाळांचा 'हूल' (१८५५) आणि मुंडांचा 'उलगुलान' (१८९९-१९००) यांचा मला याहूनही आदर वाटतो. ज्यांनी उठाव केला त्यांच्याच बोलीतले हे शब्द, कुणाकडून घेतलेले नाहीत.

क्रांती मुळात आकाशातली. संस्कृत 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. पराक्रम, आक्रमण, संक्रांत, उत्क्रांती ही सगळी त्याच धातूची लेकरं. (उत्क्रांती की क्रांती, असा वाद घालणाऱ्यांनी या दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे ध्यानात घ्यावं.) ज्योतिषात क्रांती म्हणजे सूर्याचं विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकणं, आणि त्याची वाट ते क्रांतिवृत्त. युरोपातला 'रेव्होल्यूशन'ही खगोलातूनच आला. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाच्या नावात तो आहे. पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फिरून येणं असा होता. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये गेलेली राजेशाही परत आली, त्यालाही तो शब्द लावला गेला! पुढे जाण्याचा अर्थ त्याला चिकटला तो मुख्यतः १७८९ मुळे. आपल्या क्रांतीत परतणं धातूपासूनच नाही, ओलांडणं आहे. अरबीतून आलेल्या 'इन्किलाब'मध्ये उलथणं आहे, बंगालीतल्या 'विप्लवा'त पूर. जोतीरावांना क्रांतिसूर्य म्हणताना आपण या शब्दाला नकळत त्याच्या माहेरी नेतो.

'फ्रेंच राज्यक्रांती'तला 'राज्य' मला याच कारणाने आवडतो. क्रांती कशाची, सूर्याची की राज्याची, हे त्याने स्पष्ट केलं. पुढे औद्योगिक क्रांती, हरितक्रांती आल्या आणि शब्द सैलावला. आज नव्या फोनच्या जाहिरातीतही क्रांती असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग १८५७ ला काय म्हणावं? माझं मत : नुसती घटना सांगायची असेल तर 'उठाव', कारण त्यात शिपाई, संस्थानिक, शेतकरी सगळे मावतात. 'शिपायांचे बंड' टाळावं; दोष 'बंड'चा नाही, 'शिपायांचे'चा आहे. लढणाऱ्यांच्या हेतूविषयी बोलायचं असेल तर 'स्वातंत्र्यसमर', पण मग त्या हेतूबद्दल चार वाक्यं लिहायची तयारी हवी. 'क्रांती' मी लिहिणार नाही. कंपनीचं राज्य गेलं आणि व्हिक्टोरिया राणीचं आलं, पण जे ओलांडायचं होतं ते तेव्हा ओलांडलं गेलं नव्हतं.

आणि लिहिताना सुटा शब्द 'क्रांती' दीर्घ, समासात आधी आला तर ऱ्हस्व : क्रांतिकारक, क्रांतिवीर, क्रांतिवृत्त. 'राज्यक्रांती' पुन्हा दीर्घ.