फ्रीलान्स लेखन करत असताना कथालेखन कसं सुधारावं?

तुमचा प्रश्न असा आहे : दिवसभर कंपन्यांसाठी मजकूर लिहितो, संध्याकाळी कथेला बसलो की हात चालत नाही, कार्यशाळा लावू, की काम सोडून वर्षभर फक्त कथा लिहू? शेवटी तुम्ही विचारलंय, ‘पैशासाठी लिहून लिहून माझी भाषा बिघडली असेल का?’ या शेवटच्या वाक्यासाठी मी उत्तर लिहायला घेतलंय, कारण हेच वाक्य मला तोंडावर ऐकवलं गेलंय.

मी शब्दांकन करते. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी या पट्ट्यात या कामाला तोटा नाही. वडिलांची पंच्याहत्तरी जवळ आली की मुलं-सुना ठरवतात, बाबांचं पुस्तक करायचं. मग मी जाते, ऐकते, लिहिते. पुस्तकावर त्यांचं नाव, आत कुठेतरी ‘शब्दांकन’ म्हणून माझं. मी हे काम घ्यायला लागले तेव्हा आमच्या कथामंडळातले एक ज्येष्ठ लेखक सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझा हात बाटला आता. भाडोत्री लिहिणाऱ्याची स्वतःची भाषा मरते.” मी तेव्हा उत्तर दिलं नाही. वयाचा मान ठेवला. आता देते.

इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्या आजोबांचं पुस्तक माझ्याकडे होतं. त्यांना आप्पा म्हणू. आयुष्याची सुरुवात दुसऱ्याच्या मागावर, मग खर्चीवर विणणं (सूत व्यापाऱ्याचं, आपली फक्त मजुरी), मग स्वतःचे दोन माग, मग शेड. पहिलं प्रकरण मी मोठ्या मेहनतीने लिहिलं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, संस्थानिक घोरपड्यांनी उद्योगाला आश्रय दिला, असं सगळं. आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ताई, हे १९०४ माझ्यात कशाला घातलंय? मी जलमलो बी नव्हतो.” पान गेलं. पुढे मी लिहिलं होतं, ‘अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत मी व्यवसायाची मुहूर्तमेढ रोवली.’ आप्पा थांबले आणि विचारलं, “हे कोण बोलतंय?”

कथा लिहिणाऱ्याला याहून नेमका प्रश्न कुणी विचारू शकत नाही. मी आजही प्रत्येक परिच्छेदाला तोच विचारते. त्या वाक्याच्या जागी शेवटी जे छापलं गेलं ते त्यांचं होतं : ‘दोन माग घेतले. छप्पर भाड्याचं. पाऊस लागला की सुतावर ताडपत्री टाकायची आणि आम्ही भिजायचं.’

त्याच दोन मागांसाठी पैसा कुठून आला, हे आप्पांनी मला तीनदा सांगितलं. मुलगा समोर बसला होता तेव्हा सांगितलं की बायकोने आपणहून पाटल्या काढून दिल्या. त्यांचा जुना जॉबर, म्हणजे माग जुळवणारा कारागीर, भेटायला आला होता, त्याच्यासमोर पाटल्यांचं नावच नाही. सगळा व्यवहार उधारीवर, व्यापाऱ्याने शब्दावर सूत दिलं, अशी मर्दुमकीची गोष्ट. तिसऱ्या वेळी सांगण्याआधी सूनबाई चहा टाकायला आत गेल्या. आप्पा म्हणाले, “ते बंद करा आदी,” आणि मी रेकॉर्डर बंद केल्यावर बोलले. काय बोलले ते पुस्तकात आलं नाही आणि इथेही येणार नाही. एवढंच सांगते की पहिल्या दोन्ही वेळी आप्पा खोटं बोलत होते असं मला त्यानंतरही वाटलं नाही. समोर कोण बसलंय यावर माणसाची आठवण वळण घेते. मुलाला आई मोठी झालेली बघायची होती. जॉबरला मालकाची छाती बघायची होती. आप्पा दोघांनाही हवं ते देत होते, आणि त्या प्रत्येक वेळी त्यांच्या वाक्यांची लांबी, थांबायच्या जागा, बायकोचा उल्लेख ‘तुझी आई’ की ‘घरातलं माणूस’, सगळं बदलत होतं. घरी येऊन मी तिन्ही बैठकी हाताने उतरवल्या (तिसरी आठवणीतून, फक्त माझ्यासाठी, आणि नंतर फाडून टाकली). पात्राचा आवाज म्हणजे काय हे मला त्या उतरवण्यात कळलं. त्याआधी माझ्या कथांतली सगळी माणसं सगळ्यांशी एकाच आवाजात बोलायची.

त्या पावसाळ्यात मी एक कथा लिहिली. माग नाहीत, पाटल्या नाहीत, इचलकरंजी नाही. एक बाई एकच प्रसंग नणंदेला, डॉक्टरला आणि शेजारणीला सांगते, एवढंच. दिवाळी अंकात आली. त्या ज्येष्ठांनी वाचली आणि मंडळात म्हणाले, “छान उतरलीय. शब्दांकनं बंद केलीस ना?” मी म्हटलं, “नाही सर, त्याच महिन्यात आप्पांचं शेवटचं प्रकरण पूर्ण केलं.” त्यांनी विषय बदलला.

त्यांचं म्हणणं मराठीच्या इतिहासातही टिकत नाही. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचं काम करत होते. अरुण साधू बातमीदारी करत होते. जयवंत दळवी अमेरिकन माहिती कचेरीत होते, शिवाय सदरांचा रतीब वेगळा. यांच्यातल्या कुणाची भाषा नोकरीने मेली? आमच्या पिढीची अडचण वेगळी आहे. ‘सत्यकथा’ हे कथांसाठी नावाजलेलं मासिक १९८२ साली बंद पडलं. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे त्याचे संपादक लेखकाला पत्रं लिहून कथेवर पुन्हा पुन्हा काम करायला लावायचे. आज कथा छापली जाते किंवा उत्तरच येत नाही. मध्ये काही नाही. वाक्य खोडणारा माणूसच उरला नाही. मला तो पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकात भेटला. आप्पांनी चौथीनंतर शाळा सोडली होती.

आता तुमच्या कामाबद्दल, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. दर शब्दामागे पैसे मिळणारं वेबसाइटचं काम कथेला खरोखर मारक आहे. कारण त्यात वाक्य फुगवल्याचे पैसे मिळतात. तीच गोष्ट शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि शेवटी पुन्हा सांगायची सवय लागते, आणि कथेत नेमकं न सांगणं जमावं लागतं. ज्येष्ठांचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं धरते. म्हणून काम सोडू नका, कामाचा प्रकार बदला. शब्दांकन घ्या. मालिकांचे संवाद मिळाले तर घ्या. सबटायटल्स घ्या; बोललेलं सगळं दोन ओळींत बसवताना काय गाळलं तरी चालतं हे बोटांना कळतं. भाषांतर घ्या, पण कथेचं, माहितीपत्रकाचं नको. ध्वनिमुद्रित मुलाखती उतरवून द्यायचं काम कमी पैशाचं असतं, तरी एकदा घ्याच आणि ॲपवर न टाकता कानाने ऐकून उतरवा. ॲप माणसाचं अडखळणं पुसून टाकतं. आपल्याला ते अडखळणंच हवं असतं.

कार्यशाळेबद्दल : दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेत ओळखी होतात, हुरूप येतो. त्याहून जास्त अपेक्षा धरू नका. तेवढ्या पैशात गेल्या दहा वर्षांचे जुने दिवाळी अंक रद्दीवाल्याकडून उचला आणि फक्त कथा वाचा, वाईट कथासुद्धा.

पैशाचं एक सांगून ठेवते. वर ज्यांची नावं घेतली त्यांना महिन्याचा पगार होता. फ्रीलान्सरला तो नाही, आणि संध्याकाळी हात चालत नाही त्याचं अर्धं कारण थकलेलं बिल असतं, भाषा नव्हे. एकतृतीयांश रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मी पहिल्या बैठकीला जात नाही. करारही वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या साहित्याचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो; हक्क लेखी लिहून दिले तरच जातात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. शब्दांकनात हक्क देऊन टाकावेत, ते आयुष्य त्यांचं आहे. कथेचे सगळे हक्क कायमचे कुणालाही देऊ नका, ऑडिओवाल्यांना तर नाहीच.

माझ्या घरी नवऱ्याचा पगार येतो, हे इथे सांगायला हवं. एकटीच्या कमाईवर घर चालवणाऱ्या मैत्रिणीला मी वेबसाइटचं काम सोड असं सांगितलेलं नाही, तुम्हालाही सरसकट सांगत नाही. निम्मं तरी बदलून बघा. आणि गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कथेत वापरू नका, नाव-गाव बदलूनसुद्धा नाही. घरच्यांना कळतंच. त्यांची बोलण्याची रीत घ्या, गोष्ट त्यांची त्यांच्याकडे राहू द्या.

वर्षभर सगळं सोडून कथाच लिहावी का, तर नको. एक कथा लिहा, अडीच-तीन हजार शब्दांची, आणि दिवाळी अंकाच्या संपादकाकडे जुलैअखेर पोचवा. गणपती बसले की बहुतेक अंकांची पानं ठरलेली असतात.