सायकलवर सपाट रस्त्यावर १०० किलोमीटर सहज होतात, उताराची मात्र भीती वाटते. ७० किलोमीटरचा, १,२०० मीटर चढाईचा डोंगराळ लूप (फिरून निघालो तिथेच येणारा रस्ता) झेपेल का?

झेपेल. पण ते १०० किलोमीटर इथे फारसे कामाला येणार नाहीत. तुम्ही दिलेल्या माहितीत मला खटकलं ते वेगळंच: पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे ११-२८ ची कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दातांच्या चकत्यांचा संच.

हिशोब करून बघा. पुढे ३४, मागे २८ हा तुमचा सगळ्यात हलका गिअर. पेडल मिनिटाला ६० वेळा पूर्ण फिरवलं तर वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास येतो. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर १० टक्के चढावर तेवढ्यासाठी साधारण २२० वॅट लागतात. मागे ३४ दातांची चकती असेल तर त्याच ६० फेऱ्यांना १८०-१८५ वॅट पुरतात. वेग साडेसातवर येतो, तो येऊ द्या. हे ३५-४० वॅट वाचले नाहीत तर दुसऱ्या-तिसऱ्या चढाला मांड्या भरून येतात, पेडल ४५-५० वर येतं आणि सगळा भार गुडघ्यांवर पडतो. तेव्हा आधी कॅसेट बदला. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ पेलतो का ते मेकॅनिकला विचारून घ्या. चेनही बहुधा लांब लागेल.

दुसरं, १,२०० मीटर या एकट्या आकड्यावरून काही कळत नाही. ८ टक्क्यांचा सलग १५ किलोमीटर घाट चढलात तरी १,२०० मीटर होतात आणि ३० मीटरचे ४० छोटे चढ चढलात तरी तेवढेच. घाटात निदान एक लय सापडते. छोटे चढ मात्र रडवतात, कारण प्रत्येक वेळी ‘एवढासाच तर आहे’ म्हणून आपण जोर मारतो आणि तो जोर पुढे भरून निघत नाही. त्यामुळे नकाशावर चढाचा आलेख उघडा आणि सर्वांत तीव्र एक-दोन किलोमीटर शोधा. सरासरीवर जाऊ नका. ५ टक्के सरासरीच्या चढात मधला उतार धरलेला असू शकतो आणि १२ टक्क्यांचा तुकडाही लपलेला असू शकतो.

पहिल्या चढाला सोबतचे पुढे गेले तर जाऊ द्या. पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे, मी तरी एवढंच माप धरतो. हलका गिअर चढ लागायच्या आधीच टाका. जोर लावलेला असताना पुढची चकती बदलायला गेलात तर कड्कड् आवाज करत चेन अडते, कधी उतरतेही. पाठ आखडली की थोडा वेळ उभं राहून चालवा, पण उभं राहायच्या आधी एक गिअर जड करा, नाहीतर पाय एकदम रिकामे फिरतात.

वेळेचा अंदाज सपाट रस्त्यावरून बांधू नका. १० किलोमीटर चढ ताशी १० ने आणि तोच उतार ४० ने, तर सरासरी २५ नाही, १६ पडते. उतारावर चढाचा वेळ भरून निघत नाही. खाण्याचंही तसंच: तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, आणि तेही चढ सुरू व्हायच्या आधी. धाप लागलेली असताना घास गिळत नाही.

उताराची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. वाटायलाच हवी. हात खालच्या हँडलवर, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक दाबून ठेवायचा नाही. नजर वळण जिथे संपतं तिथे, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि त्यावर भार. रिम ब्रेक (चाकाच्या कडीला घासणारे) असतील तर लांब उतारावर ते सतत घासत ठेवू नका, रिम तापते. दोन्ही ब्रेक थोडा वेळ नीट दाबा आणि सोडा. वळणाच्या आतल्या कडेला बहुतेक वेळा खडी साचलेली असते, तिच्यावर डोळा ठेवा.

लूप कोणत्या दिशेने करायचा, हे मी दोन गोष्टींवरून ठरवतो. मोठा चढ पहिल्या अर्ध्यात यावा आणि तीव्र, वळणावळणाची बाजू चढायला यावी, उतरायला नको. दोन्ही एकत्र जमत नसेल तर नवख्याने उतार सोपा निवडावा. पाय दमले तर थांबता येतं.

आणि दरी दिसली म्हणून चढाच्या मध्येच फोटोला थांबणार असाल (थांबालच, रस्ते असेच असतात), तर निघताना मागेपुढे गाडी नाही बघून सायकल रस्त्याला तिरकी लावा आणि हलक्या गिअरवर पहिलं पेडल मारा. १० टक्क्यांवर सरळ रेषेत निघायला गेलात तर दुसरा पाय पेडलवर जाईपर्यंत सायकल थांबलेली असते. त्यापेक्षा पन्नास मीटर पुढे, जिथे रस्ता जरा सपाट होतो, तिथेच फोटो काढा.