वाचकांचे प्रश्न : कॅपिबारा पाण्याला इतका का धरून असतो?

प्रश्न : कॅपिबाराच्या चित्रफिती हल्ली मोबाइलवर वरचेवर दिसतात. हा प्राणी खरोखर उंदीर-घुशींच्या गणातला आहे का, आणि तो सदैव पाण्यात का बसलेला असतो? – एक वाचक, सांगली

उत्तर : होय, कॅपिबारा हा जगातील सर्वांत मोठा कृंतक, म्हणजे उंदीर-घुशींसारखा कुरतडणारा, प्राणी आहे. पूर्ण वाढ झालेल्या कॅपिबाराचे वजन साधारणपणे ३५ ते ६५ किलो भरते. मात्र घुशीपेक्षा त्याचे नाते गिनीपिगशी अधिक जवळचे आहे.

तो दक्षिण अमेरिकेत, नद्या-तळ्यांच्या काठी आणि ब्राझीलमधील पांतानाल किंवा व्हेनेझुएला-कोलंबियातील लानोस यांसारख्या, पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या गवताळ प्रदेशांत राहतो. जग्वारची चाहूल लागताच इशाऱ्याचा आवाज काढून सारा कळप पाण्यात शिरतो. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या अगदी वरच्या बाजूला असल्यामुळे बाकीचे अंग बुडालेले असतानाही त्याला पाहता, ऐकता आणि श्वास घेता येतो; गरज पडल्यास तो सुमारे पाच मिनिटे पूर्णपणे पाण्याखाली राहू शकतो. अर्थात पाण्यातही केमन सुसरी आणि अ‍ॅनाकोंडा असतातच. अंगावरचे केस विरळ असल्याने दुपारच्या उन्हातही पाणी किंवा चिखल हाच त्याचा आसरा असतो आणि नर-मादीचे मीलनही पाण्यातच होते.

त्याचे मुख्य अन्न म्हणजे गवत आणि पाणवनस्पती. त्यातील तंतुमय भाग एका फेरीत पुरता पचत नसल्याने तो आपलीच मऊ विष्ठा पुन्हा खातो. ऐकायला किळसवाणे वाटले, तरी निकृष्ट चाऱ्यातून पोषण मिळवण्याची ही उत्तम सोय आहे.

एरवी कळपात दहा-वीस प्राणी असतात. कोरड्या ऋतूत मात्र उरलेल्या डबक्यांभोवती शंभराच्या आसपास कॅपिबारा एकत्र जमतात. माद्या एकमेकींच्या पिल्लांनाही दूध पाजतात.

म्हणूनच चित्रफितींत दिसणाऱ्या शांत स्वभावावरून हा एकट्याने पाळण्याजोगा प्राणी आहे, असा समज करून घेणे मला अन्यायाचे वाटते. २०२१ मध्ये अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेसजवळच्या नोर्देल्ता या श्रीमंत वसाहतीत कॅपिबारांचे कळप हिरवळीवर फिरू लागले, तेव्हा काही रहिवाशांनी त्यांच्या उपद्रवाची तक्रार केली. परंतु ती वसाहतच मुळात पाणथळ जमिनीवर भराव टाकून उभारलेली होती.