दुखत नाही, मंग धावू काऊन नाही?

गुडघ्याचं ऑपरेशन झालेली पोरं दोन-अडीच महिन्यांनी माझ्यासमोर बसतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न हाच असतो.

वरुडकडचा बावीस वर्षांचा मुलगाही तोच घेऊन आला. कबड्डीत पाय रुतला, अंग फिरलं, 'कट्' आवाज झाला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना धरून ठेवणारा लिगामेंट, तुटलेला. महिनाभर गावात मालिश झाली (मालिशनं तुटलेला लिगामेंट जुळत नाही, हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं). मग नागपूरला एमआरआय, आणि मांडीमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून तिचा नवा लिगामेंट बसवला. आता दहावा आठवडा. पोलीस भरतीत 1600 मीटरला 20 गुण, हे त्याला तोंडपाठ.

"संगतीचे सारे लागतीन मॅडम, मीच घरी रायतो." डोळे भरले होते. मी आधी ते ऐकून घेतलं. त्याची घाई खोटी नव्हती.

मग शिंप्याचा टेप काढला. वाटीच्या दहा सेंटिमीटर वर दोन्ही मांड्या मोजल्या. ऑपरेशनची मांडी तीन सेंटिमीटर बारीक. "गुडघा खाली दाब, मांडी आवळ," म्हटलं, तर स्नायू जेमतेम थरथरला. गुडघ्याला सूज असली की मांडी हुकूमच ऐकत नाही. तो टेपकडे बघत गप्प झाला.

बसवलेल्या शिरेचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या रक्तवाहिन्या हळूहळू शिरतात, आणि त्या सुरुवातीच्या महिन्यांत ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर असते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं.

दाराशी उभे असलेले वडील बोलले, "म्हंजे जंबेरीच्या रोपावर कलमासाठी संत्र्याचा डोळा बांधल्यावानी. हिरवा दिसला म्हून कोणी वढून पाहते का?"

माझं अर्ध्या तासाचं बोलणं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. तेव्हापासून मी हेच सांगते.

मग व्यायाम ठरवले: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा पूर्ण सरळ करणं, खुर्चीवर सावकाश ऊठबस, मग एका पायावर तोल. धावणं चौथ्या महिन्याच्या आसपास, तेही सूज नसेल आणि फिजिओथेरपिस्ट हो म्हणाले तरच. कबड्डी नऊ महिन्यांच्या आत नाहीच. त्यानंतरही ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के भरली पाहिजे, एका पायावरची उडी जमली पाहिजे.

यंदा त्यानं अर्ज भरला नाही. पाचव्या महिन्यात आला तेव्हा टेप त्यानंच मागितला. फरक एक सेंटिमीटर. वडिलांना हाक मारून त्यानं तो आकडा दाखवला.